नव्या समभागांची जोखीम : एक आढावा

मुंबईच्या दलाल स्ट्रीटच्या पदपथावर १९९४-९५ च्या सुमारास नव्या कंपन्यांच्या भागविक्रीचे छापील अर्ज गठ्ठ्यागठ्ठ्यांनी मांडलेले असत, आणि फोर्टमधील कचेऱ्यांतून दुपारच्या सुटीत बाहेर पडणारी नोकरदार मंडळी संध्याकाळचे वर्तमानपत्र घ्यावे इतक्या सहजपणे त्यांतले चारदोन अर्ज उचलून नेत. माझे एक मामा, सरकारी दप्तरात तीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेले आणि तरीही फोर्टातली दुपारची फेरी न सोडलेले, यांनी भविष्यनिर्वाह निधीतील दहा हजार रुपये अशाच एका अर्जाबरोबर धाडले. कंपनी पश्चिम महाराष्ट्रात गुलाबाची लागवड करून फुले परदेशी पाठविणार होती; दहा रुपये दर्शनी किमतीचा भाग तेवढ्याच अधिमूल्यासह वीस रुपयांना देऊ केलेला होता. नक्षीदार किनारीचे आणि कंपनीची मुद्रा उमटविलेले पाचशे भागांचे प्रमाणपत्र टपालाने घरी आले, तेव्हा मामींनी ते देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले. पुढे दोन वर्षे लाभांशाची वार्ता नाही म्हणून मामांनी नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र पाठविले, आणि त्या पत्त्यावर असे कोणी नाही, असा टपालखात्याचा शेरा घेऊन ते परत आले. ते प्रमाणपत्र आणि तो लखोटा मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्या हयातीअखेर एकत्र होते.

भागभांडवलात पैसा घालणाऱ्याने जोखीम पत्करलेली असतेच, मग कंपनी जुनी असो वा नवी. तथापि वर्षानुवर्षे बाजारात खरेदीविक्री होत असलेल्या कंपनीच्या भागाला एक भूतकाळ असतो. परस्परांना न ओळखणाऱ्या हजारो माणसांनी, काहींनी विकून आणि काहींनी घेऊन, त्याचा भाव रोजच्या रोज ठरविलेला असतो, आणि त्या भावात कंपनीविषयी जे बरेवाईट ठाऊक आहे ते बऱ्याच अंशी उतरलेले असते. नव्या भागाच्या पाठीशी असे काही नसते. त्याचा भाव विकणारा ठरवितो, विक्रीची वेळ विकणारा निवडतो आणि मालाविषयीची हकिकतही, सल्लागारांच्या आणि वकिलांच्या मदतीने, विकणाराच लिहून देतो. प्रस्तुत विषयातील बहुतेक सारे धोके या एकाच विषमतेतून उद्भवतात, असे माझे मत आहे, आणि मुंबईचा दीडशे वर्षांचा इतिहास त्याला साक्ष आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसावाचून गत्यंतर उरले नाही. कापसाच्या चढ्या भावामुळे मुंबईत जो पैशाचा पूर आला, त्याला वाट काढून देण्यासाठी कंपन्यांची जी भाऊगर्दी झाली तिचा अंदाज यावा म्हणून एवढेच सांगणे पुरे की, जानेवारी १८६५ मध्ये या एका शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीनकंपन्या होत्या. यांतील सर्वांत गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र मागे हटवून नवी जमीन निर्माण करावयाची हा तिचा उद्देश, आणि कल्पना म्हणून तो मुळीच खोटा नव्हता. ती जमीन पुढे निरनिराळ्या हातांनी खरोखरच निर्माण झाली. पाच हजार रुपयांचा तिचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. मुंबई सरकारने स्वतः ४०० भाग घेण्याचे योजिले होते. वरिष्ठ सरकारने ते नामंजूर केल्यावर ते भाग लिलावात काढले गेले, आणि त्यांवर भागामागे सरासरी साडेसव्वीस हजार रुपये अधिमूल्य, म्हणजे एकूण एक कोटी सहा लाख रुपये मिळाले. समुद्र हटविण्याचे काम अद्याप पुढेच होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, ती वार्ता येताच कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्याचे सौदे चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हा, ज्याने विकले त्याला देणारा आणि ज्याने घेतले त्याला घेणारा शहरात उरला नाही. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांना पोहोचलेला भाग ८७ रुपयांना कसाबसा विकला जाऊ लागला आणि १८६८ साली ती बँकच मोडीत निघाली. त्या काळच्या सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांच्या ऐश्वर्यकाळातील देणगीतून उभा राहिलेला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आजही फोर्टमध्ये उभा आहे. त्याच वेळी ज्यांचे घरदार गेले त्या लहान भागधारकांची खूण शहरात कोठेही नाही. या प्रकरणातून मला ध्यानात घ्यावेसे वाटते ते हे की, बॅकबेचे भाग घेणारे फसविले गेले ते खोट्या उद्देशामुळे नव्हे. उद्देश खरा असूनही त्यासाठी मागितलेला भाव कोणत्याही हिशेबात बसणारा नव्हता. नव्या कंपनीचा धंदा चांगला आहे काय, हा एक प्रश्न आणि तिचा भाग या भावाला घ्यावा काय, हा दुसरा. दोन्ही एकच समजण्याची चूक तेव्हाही झाली आणि आजही होते.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण न देणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचे भाग विक्रीस निघाले तेव्हा स्वदेशीच्या त्या दिवसांत मुंबईतील कचेरीपुढे लोकांची रीघ लागली, आणि सुमारे आठ हजार हिंदी भागधारकांनी तीन आठवड्यांच्या आत संपूर्ण भांडवल उभे करून दिले. चालू खर्चासाठी लागणारी कर्जरोख्यांची रक्कम एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने दिली. पोलाद बाहेर पडावयाला मात्र १९१२ साल उजाडले, आणि पहिल्या महायुद्धानंतर, १९२४ च्या आसपास, पगार देण्याची भ्रांत पडून सर दोराबजी टाटांना आपली खाजगी मालमत्ता बँकेकडे तारण ठेवावी लागली. म्हणजे उद्देश थोर, चालक निष्कलंक आणि मागणी हमखास असतानाही नव्या उद्योगाच्या भागधारकाला सोळासतरा वर्षे जीव मुठीत धरून बसावे लागले. ज्याच्यापाशी तेवढी मुदत नाही, त्याने नव्या उद्योगाचे भाग घेऊ नयेत, असे म्हणण्यात कठोरपणा आहे असे मला वाटत नाही.

नव्या भागांत तोटा होतच नाही, हा समज आपल्या मध्यमवर्गात रुजला कसा, याचे उत्तर १९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्यात आहे. त्या कायद्यान्वये भाग किती अधिमूल्याने विकावयाचे हे कंपनीने नव्हे, तर दिल्लीतील सरकारी नियंत्रकाने ठरवावयाचे असे, आणि त्याची दृष्टी जुन्या ताळेबंदावर व हात राखून भाव देण्यावर असल्याने भाग बहुधा खऱ्या किमतीच्या खूपच खाली विकले जात. १९७३ च्या परकीय चलनविषयक कायद्यामुळे विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले, कोलगेटसारख्या कंपन्यांचे भाग या दराने जनतेच्या हाती आले, आणि ज्यांना ते लागले त्यांच्या मुलांची शिक्षणे त्यांवर झाली. त्या पिढीच्या मनात 'पब्लिक इश्यू' आणि 'फायदा' हे शब्द समानार्थी झाले, ते निष्कारण नव्हते. परंतु १९९२ साली नियंत्रकाचे पद रद्द झाले, भाव ठरविण्याचा अधिकार विकणाऱ्याच्या हाती गेला, आणि समज मात्र जिथल्या तिथे राहिला. पुढील चार वर्षांत फुलशेती, कोळंबीपालन, ग्रॅनाइट, वित्तपुरवठा अशा नावांच्या कंपन्यांनी जो पैसा गोळा केला तो या शिल्लक राहिलेल्या समजावर केला. पैसे घेऊन पत्त्यावरून नाहीशा झालेल्या कंपन्यांचा तपास करण्यासाठी सरकार व रोखेबाजाराचे नियामक मंडळ सेबी यांनी १९९९ साली संयुक्त समिती नेमली, आणि तिच्या यादीत सव्वादोनशेहून अधिक नावे आली.

यानंतर नियम पुष्कळ कडक झाले, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. अर्जाची रक्कम आता वाटप होईपर्यंत अर्जदाराच्याच बँकखात्यात अडवून ठेवली जाते. विक्री बंद झाल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी भाग बाजारात येतो. परतावा मिळण्यासाठी महिनोन्‌महिने टपालवाल्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. कंपनी पत्त्यावरून नाहीशी होण्याचा धोका मोठ्या बाजारात आता क्वचितच उरला आहे. जो उरला आहे तो भावाचा आणि वेळेचा, आणि तो कोणत्याही नियमाने निवारण होण्यासारखा नाही.

कंपनी बाजारात केव्हा येते, याचा विचार करावा. बाजार पडलेला असताना, लोक धास्तावलेले असताना, भाग विकावयास कोणी निघत नाही. तेजी कळसाला पोहोचली, शेजाऱ्याला झालेल्या लाभाची चर्चा घरोघर सुरू झाली, म्हणजे मसुदे सेबीकडे धडाधड दाखल होऊ लागतात. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवर कंपनीने, तिची बहुतेक वीजकेंद्रे अद्याप कागदावर असताना, साडेअकरा हजार कोटी रुपयांची विक्री ४५० रुपये दराने केली. लहान अर्जदारांना वीस रुपयांची सूट होती. सत्तरपटींहून अधिक भरणा झाला. ११ फेब्रुवारी रोजी भाग बाजारात आला तेव्हा, मधल्या तीन आठवड्यांत जगभरचे बाजार कोसळलेले असल्याने, पहिल्याच दिवसाअखेर तो ३७२ रुपयांच्या आसपास होता. भरण्याच्या पटीचा आकडा वर्तमानपत्रे ठळकपणे छापतात आणि अर्जदार त्यालाच गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानतो. पण १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसची १९९३ ची विक्री ९५ रुपयांना पूर्ण भरली गेली नव्हती, हे त्याला कोणी सांगत नाही.

विकणारा कोण आहे, हेही पाहावयाचे असते. कंपनी नवे भाग काढते तेव्हा रक्कम कारखान्यात, यंत्रांत, कर्जफेडीत जाते. जुने मालक आपल्याजवळचे भाग विकतात तेव्हा ती त्यांच्या खिशात जाते आणि कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही पडत नाही. ऑक्टोबर २०२४ मधील ह्युंदाई मोटर इंडियाची २७,८७० कोटींची विक्री सर्वस्वी या दुसऱ्या प्रकारची होती, आणि १,९६० रुपयांचा भाग पहिल्या दिवशी सुमारे सात टक्के खाली बंद झाला. जुन्या मालकाने विकण्यात गैर काहीच नाही. तथापि कंपनीला आतून ओळखणारा मनुष्य ज्या भावाला बाहेर पडतो आहे, त्या भावाला आत शिरणाऱ्याने आपणाला त्याच्याहून अधिक काय ठाऊक आहे, हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

आता मी ज्या धोक्याला सर्वांत महत्त्वाचा समजतो त्याकडे वळतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्यात कोणाची लबाडी असण्याची आवश्यकताही नाही. लहान अर्जदारांची मागणी उपलब्ध भागांहून फार झाली म्हणजे सोडत काढली जाते. ज्यांना आतली समज आहे ते मोठे गुंतवणूकदार चांगल्या विक्रीवर तुटून पडतात आणि संशयास्पद विक्रीपासून दूर राहतात. परिणामी चांगला भाग लहान अर्जदाराला लागत नाही आणि वाईट भाग मागितला तेवढा लागतो. केविन रॉक या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ साली हे तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडले, पण त्याचा पडताळा नोव्हेंबर २०२१ या एकाच महिन्यात घेता येतो.

त्या महिन्यात लेटंट व्ह्यू ॲनालिटिक्स या कंपनीचा भाग १९७ रुपयांना विक्रीस होता. किमान अर्ज ७६ भागांचा, म्हणजे १४,९७२ रुपयांचा. लहान अर्जदारांच्या वाट्याला शंभरपटींहून अधिक भरणा झाला. बाजारात आला तो ५०० रुपयांच्या वर, म्हणजे ज्याला लागला त्याला एका अर्जामागे तेवीस हजारांहून अधिक लाभ झाला. पण शंभर अर्जदारांत एकालाही धड न लागणारा हा लाभ सर्वांत वाटून पाहिला, तर दरडोई सव्वादोनशे रुपयांच्या आगेमागे पडतो. त्याच महिन्यात पेटीएम चालविणाऱ्या वन९७ कम्युनिकेशन्सची १८,३०० कोटींची विक्री २,१५० रुपये दराने झाली. किमान अर्ज सहा भागांचा, १२,९०० रुपयांचा. लहान अर्जदारांचा भरणा जेमतेम १.६६ पट होता, म्हणजे दहा अर्जदारांपैकी सहाजणांना भाग लागले. १८ नोव्हेंबर रोजी, पहिल्याच दिवशी, भाग सुमारे २७ टक्के घसरून १,५६४ रुपयांवर बंद झाला. ज्याला लागला त्याचे साडेतीन हजार गेले, आणि सर्व अर्जदारांची सरासरी काढली तरी दरडोई दोन हजारांहून अधिक. दोन्हीकडे इमानाने अर्ज करणाऱ्या मनुष्याच्या पदरी सरासरीने सव्वादोनशेचा नफा आणि दोन हजारांचा तोटा आला. 'आयपीओंत सरासरी इतके टक्के पहिल्या दिवशी मिळतात' असे जे आकडे सांगितले जातात, ते सर्व विक्रींत सारख्याच रकमेचे भाग लागले असे धरून काढलेले असतात. तसे ते लहान अर्जदाराला कधीच लागत नाहीत.

भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या मे २०२२ च्या विक्रीचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण ज्यांनी कधी शेअरबाजाराचे नाव काढले नव्हते अशी कितीतरी मराठी कुटुंबे, विमेदाराला मिळणाऱ्या साठ रुपयांच्या सवलतीसाठी डिमॅट खाते उघडून, त्या वेळी प्रथमच बाजारात आली. ९४९ रुपयांचा भाग त्यांना ८८९ ला पडला, आणि पहिल्या दिवशी तो ८७५ च्या आसपास बंद झाला. विमा कंपनीवरचा विश्वास निराळा आणि तिच्या भागाच्या भावावरचा निराळा, हे त्यांना कोणी समजावून दिले नव्हते.

पहिला दिवस टळला म्हणजे धोका टळला, असेही नाही. विक्रीपूर्वीच्या भागधारकांवर ठरावीक मुदतीपर्यंत भाग न विकण्याचे बंधन असते. विक्री खुली होण्यापूर्वीच भाग घेणाऱ्या मोठ्या संस्थांना, म्हणजे सुकाणू (अँकर) गुंतवणूकदारांना, निम्मे भाग तीस दिवस आणि उरलेले नव्वद दिवस धरून ठेवावे लागतात. मुदत संपते त्या दिवशी बाजारात येणाऱ्या मालाचा लोंढा केवढा असेल, हे आधीपासून लिहिलेले असूनही लहान भागधारक ते वाचत नाही. झोमॅटोचे ७६ रुपयांना विकलेले भाग जुलै २०२१ मध्ये बाजारात आले. वर्षाची मुदत संपताच, २५ जुलै २०२२ रोजी, एका दिवसात ते ११ टक्क्यांहून अधिक घसरून ४७-४८ रुपयांवर आले. ज्यांनी धीर धरला त्यांना पुढे कितीतरी पट मिळाले, हेही खरे. पण घाबरून ४७ ला विकणाऱ्यांत पहिल्या दिवशी ११६ ला घेतलेलेही असणार.

लहान व मध्यम उद्योगांसाठी २०१२ पासून चालू असलेल्या निराळ्या बाजारमंचाची स्थिती याहून चिंताजनक आहे, कारण तेथील मसुदा सेबी तपासत नाही, शेअरबाजारच तपासतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दुचाकींची दोन दुकाने चालविणाऱ्या दिल्लीच्या एका कंपनीच्या सुमारे १२ कोटींच्या विक्रीला ४,८०० कोटींच्या आसपास मागणी आली. त्याच वर्षी ट्रॅफिकसॉल आयटीएस टेक्नॉलॉजीजच्या विक्रीत, ज्या पुरवठादाराकडून संगणकप्रणाली घ्यावयाची होती त्याच्या कागदपत्रांविषयीच संशय निर्माण होऊन, भागांची नोंदणी रोखली गेली आणि सेबीने अर्जदारांचे पैसे परत करण्याचा हुकूम दिला. येथील किमान अर्जाची रक्कम आता दोन लाखांहून अधिक करण्यात आली आहे, ते योग्यच झाले. विक्रीपूर्वी 'ग्रे मार्केट'मध्ये बोलल्या जाणाऱ्या अधिमूल्यावर विसंबून अर्ज करणारे पुष्कळ आहेत. ज्या बाजाराला कायदा नाही आणि हिशेबवही नाही, त्याच्या आकड्याला मी पुरावा मानत नाही.

भागधारकाच्या स्वभावाकडेही पाहिले पाहिजे. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळातील १४४ विक्रींचा सेबीने अभ्यास केला, त्यात व्यक्तिगत गुंतवणूकदारांनी लागलेल्या भागांपैकी, किमतीच्या हिशेबाने, निम्मे भाग एका आठवड्यात विकल्याचे आढळले. जेथे लाभ वीस टक्क्यांहून अधिक होता तेथे हे प्रमाण दोनतृतीयांशावर गेले, आणि जेथे तोटा होता तेथे एकचतुर्थांशाच्याही खाली राहिले. याचा अर्थ असा की, कालांतराने लहान माणसाच्या खात्यात साचून राहतात ते मुख्यत्वे पडलेले भाग. मामांची ट्रंक आता डिमॅट झाली आहे, एवढाच काय तो फरक.

नव्या भागांत पैसा घालूच नये, असे मी म्हणत नाही. कोणी घातला नसता तर साकचीला टाटांचा पोलादाचा कारखाना झाला नसता. माझे म्हणणे एवढेच की, तीन वर्षे थांबण्याची तयारी नसेल, जुन्या मालकांची विक्री आणि नवे भांडवल यांतील फरक कागदावर शोधता येत नसेल, किंवा तीच कंपनी सहा महिन्यांनी याहून कमी भावात मिळणार नाही अशी खात्री देणारे कारण सापडत नसेल, तर अर्ज न करण्यात काही गमवावे लागत नाही. चांगली कंपनी पळून जात नाही. तिचा भाग बाजारात रोज मिळतो, आणि तेव्हा त्याचा भाव विकणाऱ्याने एकट्याने ठरविलेला नसतो.

सेबीकडे आणि कंपनीव्यवहार मंत्रालयाकडे एक मागणी मात्र करावीशी वाटते. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात आहे तेथील भाषेच्या वर्तमानपत्रात विक्रीची जाहिरात देणे बंधनकारक आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या कंपन्यांच्या जाहिराती मराठीत पानभर झळकतात. पण ज्या प्रस्तावपत्रात जोखमीचे प्रकरण असते, आणि ज्याच्या पहिल्याच पानावर सर्व रक्कम गमावण्याची तयारी असल्याखेरीज पैसा घालू नये अशी सूचना असते, ते इंग्रजीत असते. ऑक्टोबर २०२४ पासून माहितीची ध्वनिचित्रफीत इंग्रजी व हिंदीत करणे सक्तीचे झाले आहे. ज्या भाषेत अर्जाचे आमंत्रण दिले जाते, त्या भाषेत निदान जोखमीचे प्रकरण दिले गेले पाहिजे. मामांना कचेरीपुरते इंग्रजी येत होते. अर्जाच्या पाठीमागे बारीक टाइपात छापलेले वकिली इंग्रजी येत नव्हते. ते मराठीत असते तर त्यांनी अर्ज भरला असता की नसता हे मला सांगता येत नाही, पण हाती आलेला मराठी कागद न वाचता ठेवून देणारे ते गृहस्थ नव्हते.